बिरू पेंटरची आठवी मेंढी

बिरू पेंटर मूळचा हसनाबादचा. बाप सांडू जन्मभर मेंढ्यांमागं हिंडला आणि पोरगा मेंढ्या वाऱ्यावर सोडून दगडावर त्यांची चित्रं काढत बसला. बापानं पुष्कळ डोकं फोडून घेतलं, शेवटी हात टेकले. बिरू जालन्याला आला आणि जुन्या जालन्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या झाल्या. ट्रॉलीवर वाघ काढावा तर तो बिरूनंच. मग २००४ च्या सुमारास गावात फ्लेक्सचं मशीन आलं आणि सहा महिन्यांत त्याचे ब्रश वाळून काटक्या झाले.

मशीनवाला साहेबराव मनाचा वाईट नव्हता. त्यानंच बिरूला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पहिले दोन महिने रेघ ओढायची एकीकडं आणि जायची भलतीकडं. पण गडी चिवट. वर्षभरात तो नवरदेवाच्या गालावर लाली आणि पुढाऱ्यांच्या टकलावर केस असे चढवायला लागला, की मूळ माणसानं स्वतःला ओळखू नये. तेवढ्यात साहेबरावनं तयार डिझाइनच्या सीडींचा गठ्ठा आणला. "आता नुसतं नाव बदललं की झालं काम!" तो खुशीत म्हणाला. बिरूच्या हातातलं काम दुसऱ्यांदा जाणार होतं, आणि या खेपेला बापाच्या मेंढ्यांशिवाय मागं काही उरलं नव्हतं.

अशात वसंता दुकानात आला. हा जालन्याचाच, पुण्यात मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. बहिणीच्या लग्नाचा फ्लेक्स करायचा होता. बिरूचा हात बघून तो म्हणाला, "आमच्याकडं दिवसभर हेच चालू राह्यतं. गेममधली चित्रं काढायची."

"म्हंजी ती मानसं काढतात?" बिरूनं विचारलं.

हसू नका. त्याला खरोखरच वाटायचं, की मोबाइलमधला साप, गाडी, चेंडू हे सगळं मशीन आपलं आपण काढतं. कुठंतरी एक माणूस बसून साप काढतो आणि त्यावर त्याचं घर चालतं, हे ऐकून त्याच्या अंगावर काटाच आला.

वसंतानं कंपनीत शब्द टाकला. कंपनीनं परीक्षा धाडली. चालणारी मेंढी काढायची, आठ चित्रांत; एकामागून एक दाखवली की ती चालली पाहिजे. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत ईमेलनं पाठवायची. मेंढी म्हटल्यावर बिरूला हसूच फुटलं. शनिवारी चार वाजता त्यानं मोठ्या ऐटीत आठ चित्रं पाठवून दिली.

सव्वाचारला वसंताचा फोन. "बिरूभाऊ, मेंढी मागितल्ती. तुमी शेळी काढली का कुत्रं? आमचे कंपनीतले सर हसून राह्यले."

"आरं, मेंढीच हाये ती! बिलकुल बराबर हाये!"

खरंच बरोबर होती. काळी, उंच पायांची, लोंबत्या कानांची, नुकती कातरलेली. हसनाबादच्या रानात दुसरी मेंढी असते कुठं?

"गेम परदेशी पोरांसाठी हाये," वसंता काकुळतीला आला. "त्यांची मेंढी पांढरी, गोल, लोकरीचं गाठोडं. सहाच्या आत बदलून द्या, न्हाईतर संपलं सगळं."

बिरूचं टाळकं सरकलं. जन्म मेंढरांत गेला आणि मेंढी काय असते ते आता पुण्याकडून शिकायचं? त्यानं फोन आपटला. पण समोरच तो सीडींचा गठ्ठा पडलेला. साडेपाचला भारनियमन, लाईट जायची म्हणजे जायचीच. मुकाट्यानं तो खुर्चीत बसला.

पाय त्यानं तेच ठेवले, चाल तीच ठेवली, आणि त्या काळ्या अंगावर पांढरी लोकर चढवायला घेतली. कातरणीआधी वाढलेली लोकर पाऊल पडल्यावर जराशी मागून हलते, हे त्याला आठवलं. तो हिसका प्रत्येक चित्रात निराळा काढायचा होता. एक झाली. दोन झाल्या. चौथीला पाच वाजून गेले. बोटं घामानं माउसवरून घसरत होती. सातवी पुरी झाली न झाली तोच लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी किंचाळायला लागली.

"पाच मिनिटं चालंल फकस्त!" साहेबराव ओरडला. "पाठव जल्दी!"

"आठवी ऱ्हायली!"

"आठवीच्या नादात सात बी जातील!"

बिरूनं सात पांढऱ्यांमागं ती जुनी काळीच जोडली आणि बटण दाबलं. फोनच्या तारेवरचं इंटरनेट, मुंगीच्या पावलानं चाललेलं. मेल गेल्याची ओळ दिसली आणि पडदा विझला. मग त्याच्या ध्यानात आलं, की ही मेंढी सात पावलं पांढरी चालणार आणि आठव्याला काळी होणार. भुताटकीच ती! असलं बघून कोण काम देणार? रविवारी त्याला जेवण गेलं नाही.

सोमवारी वसंताचा फोन आला. "सर विचारतात, आठवी मुद्दाम काळी ठेवली का?"

हो म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाच होता. "न्हाई," बिरू म्हणाला. "लाईट गेल्ती. करायची राह्यली."

पलीकडं सरांनी फोन स्वतःच घेतला. "परीक्षा दिलेल्या बाकीच्यांनी नुसते ढग चालवलेत. तुमच्या आठव्या चित्रामुळं कळलं, की लोकरीखाली तुम्ही आधी जनावर काढलंय. एक तारखेला या. आणि ती आठवी पांढरी करून आणा."

पुण्याला निघण्याआधी बिरू हसनाबादला गेला. पोरगं आता तरी मेंढ्यांकडं परत येईल, अशी सांडूला आस होती, आणि तेच नाही म्हणायला तो आला होता. फ्लेक्सच्या तुकड्यावर छापलेल्या आठ पांढऱ्या मेंढ्या त्यानं बापापुढं धरल्या. "आबा, ह्याच्यावर पुन्याला काम भेटलं."

सांडूनं तुकडा उन्हात नेला. बराच वेळ बघितला.

"पाय आपल्याच मेंढीचे हायेत," म्हातारा म्हणाला. मग लोकरीवरून बोट फिरवत तो कळवळला. "पर किती सालं कातरली न्हाई रे हिला? जीव गुदमरून राह्यला तिचा. जा तू पुन्याला. पैले हिला कातर."