साहेबाच्या सिनेमातला जोतिबा

राहीबाईच्या हातची भाकरी खायला लागल्यापासून मला लग्नाच्या पंगतीतलं जेवण गोड लागेनासं झालं, आणि याचा राग मी अजून तिच्यावरच धरून आहे. सांगलीहून कुपवाडला जाणाऱ्या रस्त्याला लागून तिची दोन खोल्यांची खानावळ होती. पाटी नाही, टेबल-खुर्च्या नाहीत. कारखान्यातली माणसं सायकली भिंतीला टेकवून आत यायची आणि "हात धुतल्याबिगर ताटाला शिवायचं न्हाई" असा दम खाऊनच पाटावर बसायची. मी एका कारखान्याचं गोदाम सांभाळायचो. लग्न केलेलं नव्हतं आणि स्वयंपाकाच्या नावानं आनंदीआनंद होता, त्यामुळं तो दम मीही रोज खायचो.

राहीबाई माण तालुक्यातली, दहिवडीच्या बाजूची. बहात्तरच्या दुष्काळात तिनं आणि तिचा नवरा जोतिबानं तलावाच्या कामावर खडी फोडली, माती वाहिली. पुढं पाऊस परत आला, पण जोतिबा काविळीनं गेला. मग मुलाला, मानसिंगला घेऊन ती सांगलीला आली. तो लेथवर लागला, हिनं चूल मांडली, आणि आता त्याचं लग्नही करून दिलं होतं. सून शालू सासूइतकी बोलकी नव्हती, पण भाकरी सासूच्या तोडीची थापायची. राहीबाई रडत बसणाऱ्यांतली नव्हती. उलट कुणी रडायला लागलं की ती त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची.

मला एक व्यसन होतं, ते म्हणजे आमची फिल्म सोसायटी. रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही गावातले शहाणे जमायचो, परदेशी सिनेमे बघायचो आणि जो सिनेमा कळला नाही त्याची जास्त स्तुती करायचो. सत्त्याहत्तर साली आमच्याकडं एक गाजलेला माहितीपट यायचा होता. एका परदेशी दिग्दर्शकानं आपल्या देशावर काढलेला, बाहेर बक्षिसं मिळवलेला. त्यात माणच्या दुष्काळी कामाचंही चित्रण आहे, असं मी जेवता जेवता शेजारच्याला सांगत होतो. राहीबाईचा हात परातीतच थांबला.

"गोरा सायब, लांब नाकाचा? संगं मुंबईचा दुभाशी?"

"असेल. का हो?"

"आमच्याच कामावर आलता त्यो."

मग सगळं कळलं. उद्या फोटो काढणार म्हटल्यावर कामावरच्या माणसांनी जे करायचं तेच केलं. घरोघरच्या ट्रंका उघडल्या. दुसऱ्या दिवशी बायका लग्नातली लुगडी नेसून आणि गडी कोरे फेटे बांधून खडी फोडायला हजर! साहेबानं कपाळाला हात लावला. दुभाष्यानं सगळ्यांना रोजचे कपडे घालायला परत पिटाळलं. जोतिबाचं तर रोजचं मुंडासंही उतरवायला लावलं, तोंडावर ऊन नीट पडावं म्हणून.

"म्या लांब मातीच्या पाट्या टाकत व्हते," राहीबाई म्हणाली. "पर लय राग आला बघा. आमच्यात बाप मेला तर गडी बोडका हिंडतो. सासरं तवा चांगलं धडधाकट व्हतं, आन् त्या सायबानं आमच्या मालकांना चारचौघांत उघड्या डोक्यानं उभं केलं."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"भाऊ, त्येंचा एक फोटू न्हाई घरात. आलीकडं तोंड आठवंना झालंय. डोळं मिटलं की मुंडासं दिसतं, मिशी दिसती, तोंड न्हाई. मला त्या सिनेमाला न्या."

मी नेतो म्हणालो, पण मनातून टरकलो. ढीगभर चित्रण करून त्यातलं चिमूटभर ठेवणारी ही दिग्दर्शकांची जात. जोतिबा त्या चिमटीत सापडला नाही, तर या बाईला काय सांगायचं?

रविवारी ती पहिल्या रांगेत येऊन बसली. सिनेमा सुरू झाला. गारुडी झाले, राख फासलेले साधू झाले, नदीकाठची प्रेतं झाली, फूटपाथवर झोपलेली माणसं झाली. मध्ये मध्ये एक जड आवाज इंग्रजीत काहीतरी खोल खोल सांगत होता. माझं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. माझं लक्ष राहीबाईकडं होतं.

एकदाची खडी आली. धुळीनं पांढरी झालेली माणसं, हातोडे, उन्हात बसलेल्या रांगा. राहीबाई पुढं झुकली. एक रांग गेली, दुसरी गेली.

"ह्येच्यात न्हाईत," ती हळूच म्हणाली.

आणि मग सगळा पडदा भरून एक चेहरा आला. बोडकं डोकं, आत गेलेले गाल, घट्ट मिटलेले ओठ. तो थेट आमच्याकडं बघत होता. राहीबाईनं माझं मनगट धरलं होतं, ते चेहरा गेल्यावरही बराच वेळ सोडलं नाही. मला फार आनंद झाला.

सिनेमा संपल्यावर आमच्या रिवाजाप्रमाणं भांडण सुरू झालं. हंबीरराव म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. ते उभेच राहिले.

"ह्यो देशाची अब्रू येशीवर टांगायचा धंदा हाय! आमी लढलो ते ह्येच्यासाठी?"

आमचे अध्यक्ष गंगाधरपंत कॉलेजात शिकवायचे. ते शांतपणे म्हणाले, "सुभेदार, आरशावर रागावून काय उपयोग? जे आहे ते त्यानं दाखवलं." दोघांचं असं बराच वेळ चाललं. शेवटी पंतांचं लक्ष राहीबाईकडं गेलं. मी त्यांना ती कोण ते सांगितलं. त्यांनी तिलाच विचारलं,

"बाई, तुम्हाला कसा वाटला सिनेमा?"

"आधी एक सांगा. मालकाचं तोंड आलं तवा त्यो आवाजवाला काय म्हनला?"

पंतांनी भाषांतर केलं, "या डोळ्यांत शेकडो वर्षांची भूक आहे, असं म्हणाला."

राहीबाईनं मान हलवली. "भूक व्हतीच. त्येच्यात खोटं न्हाई, सुभेदार. आमी जुंधळ्याच्या कण्या खाऊन दिस काडलं. पर ते तोंड भुकेचं न्हवं. आमचा ज्ञानू दीर मागं उभा ऱ्हाऊन चिडवत व्हता, बोडका म्हसोबा दिसतोयास म्हनून. घरी आल्यावर त्योच सांगत व्हता. सायब म्हनत व्हता हलू नगं. मालक हसू दाबत व्हतं. असंच ओठ आवळायचं ते. म्या इसरले व्हते, आज घावलं." मग ती पंतांकडं वळली. "सायबानं भूक बराबर दावली. हसू निघायच्या आत मशीन बंद केलं, येवडीच चूक."

राहीबाईनं पुढं विचारलं, "परत दावता यील का? माझ्यासाठी न्हाई. माझ्या सुनंनं सासरा बघितला न्हाई."

रिळं दुपारच्या गाडीनं मुंबईला परत जायची होती. यंत्र चालवणारा तात्याबा डबे बंद करायला लागला होता. त्यानं पंतांकडं पाहिलं, पंतांनी मान डोलावली, आणि त्यानं न कुरकुरता रीळ पुन्हा गुंडाळायला घेतलं. तोवर हंबीरराव टोपी घालून दाराशी पोचले होते. "घर कुठं हाय म्हनला?" असं मला विचारून ते स्वतःच टांगा घेऊन गेले. सिनेमाला शिव्या घालायला आलेला माणूस त्याच सिनेमासाठी प्रेक्षक आणायला धावला, हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

मानसिंग आणि शालू आली. शालूच्या मनगटाला पीठ तसंच होतं. दिवे मालवले. पंतांनी सांगून आवाज बंद करायला लावला. पुन्हा धूळ, पुन्हा हातोडे, पुन्हा त्या रांगा, आणि मग जोतिबा.

शालू ताडकन उठून उभी राहिली. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि पडद्याकडं वाकून तीनदा नमस्कार केला. मागून कुणीही "खाली बसा" म्हणालं नाही.

राहीबाई पडद्याकडं बघत म्हणाली, "आवं, ही शालू. आपली सून."