सल्ला केंद्रासमोरचं बाकडं

नव्वद सालच्या आसपास भिवंडीतल्या आमच्या गल्लीत तालीम, महिला मंडळ, मदरशाचा ट्रस्ट, भजनी मंडळ, नुसत्या संस्थाच संस्था होत्या. माझंही रजिस्टर्ड ‘मोफत सल्ला केंद्र’ होतं. बोर्ड झकास, खुर्च्या रिकाम्या.

शुक्रवारी कापडाचे लूम बंद असले की समोरच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारा कामगार येऊन बसायचा. जो तो आपलं रडगाणं घेऊन त्याच्यापाशी. तो गुडघ्यांवर हात ठेवून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, मधूनच मान हलवायचा. सल्ला म्हणाल तर एक नाही! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा तणतणत गेलोच. “बाबा, तुमची संस्था कुठली?”

“संस्था न्हाय बा. लूमच्या खडखडाटानं कान गेले. तिथं आमी एकमेकांचं तोंड बघूनच बोलणं समजून घेतो. बसा, बोला.”

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मी घरचं, दारचं काय काय बोलत सुटलो, कळलंच नाही. मागे वळलो तर तिघंजण ताटकळत उभे. माझं अजून संपलं नव्हतं. असा संताप आला! समोर माझं केंद्र रिकामं पडलं होतं. तिकडे जायला यांना काय झालं होतं?