वहिनीचं दुखणं आणि माझं गाऱ्हाणं

भरल्या देवळात मी माझ्या वहिनीच्या दुखण्याची थट्टा केली. तेव्हा मी पस्तिशीचा शाळामास्तर होतो, त्यामुळे पोरवयाची सबबही मला नाही.

वर्षानुवर्षं वाकून भात लावल्याने तिची कंबर धरली होती. भिंतीचा आधार घेतल्याशिवाय तिला उठता येत नसे. कणकवलीला बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सिंगापुरात एका चिनी वैद्याकडे ते सुया टोचायला शिकले होते. त्यांनी वहिनीला केसासारख्या बारीक सुया टोचल्या आणि पाण्यात चालल्यासारखा एक संथ व्यायाम शिकवला. दोन-तीन महिन्यांत ती विळीवर बसून नारळ खवू लागली. ते डोळ्यांनी पाहूनही मला पटेना. चार बुकं वाचलेल्या मूर्खाला डोळ्यांचा काय उपयोग?

सकाळी ती घरापुढच्या खळ्यात त्या व्यायामाचे हात फिरवत असली की मी म्हणायचो, "काय गो वयनी, ढगांका हाकलतंस?"

"दुखणा हाकलतंय रे. तुझा तोंड हाकलूक जमला तर बघतंय."

त्या उत्तराचा मला राग होता. दसऱ्याला देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या कानाला मी लागलो. तोही माझ्याच लायकीचा. देवासमोर खणखणीत ओरडला, "बा देवा म्हाराजा, मास्तराच्या घरात चीनचा कायतरी शिरला, वयनी वाऱ्याक मिठ्यो मारता, ता भायर काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव हसत गरजला. सगळ्यांत मोठा आवाज माझा. मागे बायकांत वहिनी उभी होती.

पण गाऱ्हाण्यात गेलेली गोष्ट आमच्याकडे थट्टा राहत नाही. घरी येताच आईने बजावलं, "देवाक सांगलेला आसा. आता ता कणकवलीक जाणा नको नि हात फिरवणाही नको." भावाने मान डोलावली. मीही. ते गाऱ्हाणं मीच घालायला लावलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं, पण मास्तराची अब्रू आड आली. थू त्या अब्रूवर!

शिमग्यापर्यंत वहिनी पुन्हा भिंतीला लागली. एका सकाळी चुलीपुढून तिला उठताच येईना. मी हात धरायला गेलो, तर तिने माझा हात झटकला.

"वयनी, माझा चुकला," मी पुटपुटलो.

"माका सांगान काय? आवशीक सांग."

आई ओटीवर पानाचा डबा घेऊन बसली होती, भाऊ शेजारी. मी समोर उभा राहिलो आणि वहिनीला ऐकू जाईल असं बोललो, "आये, देवाक मी खोटा सांगूक लावलंय. वयनीच्या अंगात काय शिरूक नव्हता, ती बरी होय होती. ता माका बघवला नाय. वयनी, माका माफ कर."