पेटीजवळची हिरवी रेघ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जायचो. "आधी वायरिंग तपासा," म्हणायचो. तोच मी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावात मी कॉलेजांच्या लॅबमधली जुनी यंत्रं दुरुस्त करायचो. माझी बहीण सुनंदा धुळ्याच्या एका छोट्या प्रसूतिगृहात सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी, जेमतेम सव्वा किलोची. दुसऱ्या दिवशी तिथली बाळांना ऊब देणारी एकुलती एक काचेची पेटी गरम होईना. डॉक्टर म्हणाले, "नाशिकला हलवायचं तर वाटेतच..."

मी विजेची लहर रेघेत दाखवणारा माझा जुना, व्हॉल्व्हचा ऑसिलोस्कोप जीपमध्ये टाकून दुपारी दोनला पोचलो. पेटीतल्या हीटरकडे जाणारे विजेचे पल्स कुठे अडतात, ते त्याच्याच पडद्यावर दिसणार होतं. स्कोपची पिन भिंतीत लावली, स्विच टाकला — काहीच नाही. पॅनलवरचा दिवासुद्धा नाही.

फ्यूज शाबूत. वायर शाबूत. कव्हर काढून मीटर लावला, तर ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग, तारेचं वेटोळंच तुटलेलं. म्हणजे वीज आत शिरणारच नाही, आणि नवीन गुंडाळायला दोन दिवस! शेजारी आयाबाई, लताक्का, कापसात गुंडाळलेल्या पोरीजवळच्या गरम पाण्याच्या बाटल्या बदलत होत्या. पोरीचे ओठ निळे पडत चालले होते.

"भाऊ, काही व्हई का?" लताक्कांनी विचारलं.

मी पिन काढली आणि वायर मनगटाला गुंडाळत बसलो. रडू आवरेना... आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली. सरळ, स्वच्छ.

मी काही विचार केला नाही. स्कोपचा टोकदार प्रोब उचलला आणि पेटीच्या सर्किटवर एकेक जागी टेकवत गेलो. सोल्डरच्या एका टाक्याच्या अलीकडे पल्स, पलीकडे सपाट रेघ. टाका सुटलेला! तेवढ्यात लताक्का हळूच म्हणाल्या,

"भाऊ... पिन ते तुमना हातमा शे."

होतीच. मनगटाशी लोंबत होती.

पेटी बंद करून टाका मारला. पुन्हा चालू केल्यावर हीटर तापायला लागला. वळून पाहिलं, तर स्कोप काळा पडलेला.

कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, असं म्हणाल. राहते, कबूल. पण त्या दिवशी स्कोपला वीज मिळालीच नव्हती, आणि ते व्हॉल्व्ह नुसते तापायलाच मिनिटभर लागतं. जळगावला आल्यावर ट्रान्सफॉर्मर सोडवला. तार तुटलेलीच होती, दोन्ही टोकं जळून काळी झालेली.

पोरगी जगली. सुनंदानं मला एकदाच विचारलं, "दादा, काय बिघडलं होतं रे?"

"टाका सुटला होता," मी म्हणालो.

तेवढंच मला सांगता येतं. बाकीचं काय होतं, ते अजूनही माहीत नाही.