सासूबाई, चिंच आणि पन्नास काडतुसं

माझ्या नवऱ्याला फटाक्यांची भीती वाटते. लहानपणापासून वाटते आणि त्यात गैर काहीच नाही. पण अशा माणसाच्या घरी, टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातल्या गॅरेजमध्ये, त्याच्या गाडीला खेटून त्याची बायको मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरत बसते, हे त्याने स्वतःच्या आईला सांगितलं नव्हतं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ऑफिसच्या टीमबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेले तेव्हा. नवरा सोबत आला होता. त्याने एक गोळी झाडली, रिव्हॉल्व्हर अलगद खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन सँडविच खाल्लं. मी सहा झाडल्या आणि पुन्हा रांगेत उभी राहिले. पुढे ग्रीन कार्ड आलं, बंदूक विकत घेता येऊ लागली, मग रिव्हॉल्व्हर आलं. अडचण एकच होती. मॅग्नमचा धक्का मनगटातून थेट दाढेपर्यंत जातो, त्यामुळे गोळी सुटायच्या आधीच माझे डोळे गच्च मिटायचे. शेजारचे टेक्सन आजोबा म्हणाले, सरावाला हलकी काडतुसं वापर, आणि तुझ्या हाताला सोसतील अशी हवी असतील तर घरीच भर. त्यांनीच मला ते शिकवलं. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, स्वच्छ करायच्या, तळाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, मोजून बंदुकीची पावडर घालायची आणि मशीनने वर गोळी दाबायची. आणि हे सगळं करताना तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचं सोडून मला सगळं पटकन जमलं.

तोंड बंद ठेवायचं कारण असं, की सरावाच्या काडतुसात पावडर अगदी थोडी लागते. बोलण्याच्या नादात एकाच पुंगळीत ती दोनदा पडली तरी ओसंडत नाही, वरवर काही कळत नाही, आणि रेंजवर रिव्हॉल्व्हर हातातच फुटू शकतं. म्हणून पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करायच्या, पावडर घालून झाली की टॉर्च मारून एकेकीत डोकावायचं आणि मगच गोळ्या बसवायच्या.

नवऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. "एक जरी चूक झाली ना, तर ते मशीन गॅरेजच्या बाहेर. नो डिस्कशन." मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर माझं पोट भरतं. मी म्हटलं, मंजूर.

मग सांगलीहून सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी.

सासूबाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. पेपर तपासताना खोडून पुन्हा लिहिलेलं उत्तर बरोबर असलं तरी त्या मार्क कापायच्या, आणि पैकीच्या पैकी मार्क त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत, स्वतःच्या मुलालाही नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला पेपर उरले नाहीत, पण सून होती. मी गॅस बंद केला की त्या उठून बघणार, मी कुलूप लावलं की ओढून बघणार. मी भाजीत मीठ घातलं की विचारणार, "घातलंस? नक्की?" लग्नाला अठरा वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी धांदरटच. याचा मला संताप यायचा, आणि जास्त संताप यायचा तो बऱ्याचदा गॅस खरंच चालू असायचा म्हणून.

"आईला काही बोलू नकोस हं यार," नवरा म्हणाला. "तिचं बीपी आहे." म्हणून आम्ही गॅरेजमधल्या बाकावर चादर टाकली.

चादर एक आठवडा टिकली. पुंगळ्या स्वच्छ करायचं माझं एक थरथरतं भांडं आहे, त्यात मक्याच्या कणसाचा भरडा घालून पुंगळ्या तीन तास फिरवायच्या असतात. दुसऱ्याच तासाला सासूबाई गॅरेजच्या दारात उभ्या.

"मिक्सर जळेल की गं. काय वाटतेयस एवढं?"

मला खोटं सुचेना. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी भांड्यातून एक पुंगळी उचलली, उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. मला वाटलं, आता बीपी.

"हे पितळ आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे तू घासलंयस?"

बंदूक, गोळ्या, सुनेचं वागणं, यातलं काहीही त्यांना खटकलं नाही. घरात काळवंडलेलं पितळ आहे, हे मात्र त्यांना सहन होईना. त्या चिंच आणायला किचनकडे निघाल्या. मी दार अडवून सांगितलं की या पुंगळ्यांना शिशाची काजळी असते, त्या किचनमध्ये नेता येणार नाहीत. मग परसात बादली आली, त्यांच्या हातात रबरी मोजे चढले, आणि देवाची भांडी घासावीत तशी त्यांनी दोनशे पुंगळ्या चिंचेने घासल्या. चार पाण्यांतून काढल्या आणि जुनी साडी अंथरून टेक्सासच्या उन्हात वाळत घातल्या. त्या अशा झळकत होत्या की मला माझ्या तीन तासांच्या यंत्राची लाज वाटली.

शेजारच्या नागपूरच्या मुलीला कुंपणाच्या फटीतून साडी दिसली. तिने विचारलं, "काकू, सांडगे घातले का?"

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "काडतुसं."

त्या कधी खोटं बोलत नाहीत. ती मुलगी तेव्हापासून आमच्याशी फारच अदबीने वागते.

पुंगळ्या दोन दिवस खडखडीत वाळल्यावर शनिवारी सकाळी मी त्यातल्या पन्नास भरायला घेतल्या. रविवारी रेंजवर जायचं होतं. प्रायमर बसवून झाले, पावडर घालत होते, तेवढ्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "दोडक्याच्या शिरांची चटणी करू की टाकून देऊ?" मी न वळता म्हटलं करा. त्या म्हणाल्या, तीळ कुठेत? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथे नाहीत. मग मात्र मी वळले आणि ताडताड बोलले की मला एक काम तरी धड करू द्याल का, इथे बोलायचं नसतं. मी राहिलेल्या पुंगळ्या भरल्या, टॉर्च उचलला आणि पाहिलं तर त्या शेजारी येऊन हात पुढे करून उभ्या होत्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना माझ्यापेक्षा बरं दिसतं. मी रागारागाने टॉर्च दिला. त्या ओळीने एकेका पुंगळीत डोकावत गेल्या. चौथ्या ओळीत थांबल्या. शेजारची पाहिली, पुन्हा ती पाहिली.

"हिच्यात जास्त आहे."

मी वाकून बघितलं. दुप्पट होती. रिव्हॉल्व्हर फुटलं असतं याची भीती तर वाटलीच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती वाटली जेवणाच्या टेबलाची. आता त्या लेकाला सांगणार, मशीन बाहेर जाणार, आणि उरलेलं आयुष्य मी धांदरट म्हणून काढणार.

"रिकामी करून परत भर," एवढंच त्या म्हणाल्या. मी भरली. त्यांनी पन्नासच्या पन्नास पुन्हा तपासल्या, तेव्हा मी गोळ्या बसवल्या. जेवताना त्या तिळांबद्दल बोलल्या. ते फ्रीजमध्ये होते.

रविवारी आम्ही तिघं रेंजवर गेलो. सासूबाई अंबाड्यावरून आवाज अडवणारे कानांचे मफ चढवत होत्या. मी रिव्हॉल्व्हरमध्ये सहा काडतुसं घालायला लागले, तेव्हा नवऱ्याने आईला विचारलं, "तू तपासलीस ना? हिची एक तरी चुकली असेलच."

मी मान वर केली नाही.

"पन्नासपैकी पन्नास," सासूबाई म्हणाल्या.

नवरा बघतच राहिला. दहावीच्या वेळी आईने घरीच घेतलेल्या सरावपरीक्षेत त्याला शंभरपैकी नव्याण्णव मिळाले होते आणि तो एक मार्क अजून त्याला झोपेत दिसतो. तो लांब दाराशी जाऊन कान झाकून उभा राहिला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी एक मफ जरासा उचलला. "बोलत मी होते," त्या हळूच म्हणाल्या. "प्रश्नच चुकीचा घातला असेल तर मार्क द्यावे लागतात."

मी वळून नेम धरला. पहिल्या गोळीला माझे डोळे मिटले, पण त्यात धक्क्याचा काही दोष नव्हता, ते आधीच भरून आले होते. समोरच्या कागदावर कुठेही भोक पडलं नाही.

"चुकलं," सासूबाई मागून म्हणाल्या. कानांवर मफ असल्यामुळे त्या इतक्या मोठ्याने बोलल्या, की ते साऱ्या रेंजला ऐकू गेलं.