लेडीजचा दरवाजा आधी उघडा

अन्याय झाला तो देवकाबाईवर, म्हणजे माझ्या आईवर. कधी, तर १९८५ सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी तीनच्या खेळाला. कुठे, तर सौंसरच्या टॉकीजमध्ये, लेडीजच्या दरवाजाबाहेर. वार आणि वेळ मुद्दाम लिहिते आहे. अन्याय नुसता 'होत असतो' असं लिहिलं की वाचणारा मान हलवतो आणि जेवायला बसतो.

त्याच संध्याकाळच्या बसनं मी गाव सोडलं. नागपूरच्या एका छापखान्यात काम मिळालं होतं. आई म्हणाली, जायच्या आधी दोघी मिळून नकाबवाला पाहू. त्या दिवशी ती कापूस वेचायला दुपारपर्यंतच गेली. माझी ट्रंक बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर ठेवली आणि आम्ही टॉकीज गाठली.

नकाबवाला म्हणजे हिंदी सिनेमातला आमचा हिरो. काळा नकाब, खांद्यावरून घोट्यापर्यंत फडफडणारं कापड, एका उडीत नदी पार. पहिला भाग आला तेव्हा मी शाळेत होते, दुसरा आला तेव्हा मॅट्रिक नापास, आणि तिसरा त्या शुक्रवारी लागला. तिन्ही भागांत नकाबाखाली नट तोच. अर्धा चेहरा झाकलेला, तरी नुसत्या हनुवटीवर टॉकीज भरायची. लोधीखेड्याहून लोक बंड्या जुंपून यायचे. पांढुर्ण्याचे पोट्टे बसच्या टपावर बसून यायचे. चेहरा न दाखवता एवढी माणसं गोळा करणारा पुढारी मी अजून पाहिला नाही.

पण आमच्या टॉकीजची रीत अशी, की आधी पुरुष आत. ते बसले, दिवे गेले, पडदा उजळला, की मग लेडीजचा दरवाजा उघडायचा. कारण काय, तर उजेडात बायका आत शिरल्या की पोट्टे शिट्ट्या मारतात. म्हणजे शिट्टी मारणारा आत बाकावर, आणि शिक्षा बाहेर उन्हात उभ्या असलेल्या बाईला. हा कुठला न्याय?

त्यामुळे दर वेळी नकाबवाल्याची एन्ट्री हुकायची. आणि ज्यानं असा सिनेमा पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, सगळा जीव त्या एन्ट्रीत असतो. तो पडद्यावर आला की पुरुष चिल्लर उधळायचे. ती फरशीवर खणखणायची, शिट्ट्यांनी छपराचे पत्रे थरथरायचे. आम्ही ते बंद दाराबाहेरून ऐकायचो. आई दाराला तळहात लावून म्हणायची, "आला बाप्पा तो." आम्ही आत जायचो तेव्हा तो येऊन चुकलेला असायचा.

घरी आल्यावर ती पुरुषांना विचारायची, कसा आला ते सांगा. बाबा सांगायचे, डोंगरावरून दोरीनं उतरला. काका सांगायचे, काच फोडून आला. शेजारच्या गुणवंताभाऊंनी तर त्याला विहिरीतून वर काढला. आई म्हणायची, "तुम्ही डोळे उघडे ठेवून गेलते का?"

त्या शुक्रवारी मात्र मी मॅनेजरकडे गेले. गाव सोडणाऱ्याला थोडी हिंमत येते. माणूस उद्धट नव्हता, गोडच बोलला, आणि त्याचाच जास्त संताप आला. "तुमच्याच इज्जतीसाठी करून राहिलो ना, बाई," तो म्हणाला.

माझ्या मागून आई म्हणाली, "माह्या इज्जतीले अंधार कायले लागते?"

मॅनेजर हसला. दार उघडलं नाही. थोड्या वेळानं आत चिल्लर खणखणली.

बस सुटायच्या वेळी आईनं खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत दिली. नीट राहा, पोटभर जेव, असं काही ती बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तिकडं पहिल्यापासून पाहजो. मंग मले सांगजो, कसा येते तो."

नागपूर काही विलायत नाही, पण मला होतं. होस्टेल, मेस, ओव्हरटाईम, प्रूफ, मोर्चा हे शब्द माझ्या तोंडी बसले. बायकांच्या एका संघटनेतल्या ताई भेटल्या, त्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. ताई म्हणतात, असले सिनेमे लोकांना झोपवतात. ताईंचं मी सगळं ऐकते, हे ऐकणार नाही. दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई नकाबवाला पाहून घरी निघाली, की तिची मान कशी असते ते ताईंनी पाहिलेलं नाही. आईनं मुकादमाला तोंडावर पहिल्यांदा 'नाही' म्हटलं, ते दुसरा भाग पाहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी. योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणत नाही.

मग नागपूरच्या एका थेटरात पहिला भाग पुन्हा लागला. तिथं बाया-माणसं एकाच वेळी, भर उजेडात आत गेली. कुणाची इज्जत गेल्याचं दिसलं नाही. मी पहिल्यापासून पाहिलं. डोंगर नाही, काच नाही, विहीर तर मुळीच नाही. कसा येतो ते इथं लिहिणार नाही. तो आला, आणि मी आईला सांगायला बाजूला वळले. बाजूला कोणी अनोळखी बाई बसली होती.

पोळ्याला घरी गेले तेव्हा आईला म्हटलं, नागपूरला चल, व्हिडिओ भाड्यानं आणू, तुला दाखवते.

"त्या डब्यात?" ती म्हणाली. "एवढा मोठा माणूस त्या डब्यात मावते का व? अन् शिट्टी कोण मारते तिथं, तू?" मग म्हणाली, "मले तो आपल्या गावात पाहाचा आहे. सगळे पाहून राहिले, तवा."

म्हणून मी तिला अजून एन्ट्री सांगितली नाही. ती विचारते, मी विषय बदलते.

गाव सोडून आलेली आपली माणसं भेटली की जाम नदीच्या, संत्र्यांच्या बगिच्यांच्या गोष्टी काढतात. मलाही त्या आवडतात. पण माझ्यासाठी घर म्हणजे ती पत्र्याची टॉकीज, जिथं सगळं गाव एकाच क्षणी एकाच माणसावर जीव टाकतं. आणि माझी आई त्या घराच्या बाहेर उभी आहे.

आता चौथा भाग यायचा आहे. त्या नटाचे कल्ले पिकले म्हणतात, पोटही सुटलं म्हणतात, म्हणून लोकांना त्याचा तो कोवळा पहिला भाग पुन्हा हवा झाला आहे. येत्या दिवाळीनंतरच्या शुक्रवारी तो पहिला भागच सौंसरला लागतो आहे. मी येणार आहे. नागपुरात, छिंदवाड्यात, जिथं असाल तिथून तुम्हीही या.

आणि तुम्ही, आधी आत जाणाऱ्यांनो. बाबा, काका, गुणवंताभाऊ, तुम्हीसुद्धा. तिकीट काढा, आत जा, पण बसू नका. लेडीजचा दरवाजा उघडेपर्यंत पडद्यासमोर उभे राहा. एवढी डोकी आडवी असताना कोणताच मॅनेजर सिनेमा सुरू करत नाही. देवकाबाई आत येऊ द्या, तिला जागा बघू द्या, बसू द्या. मग तुम्ही बसा, आणि मग मारा काय शिट्ट्या मारायच्या त्या.