ज्याच्या हातात आटे गेले

देगलूरच्या बाजारात अजहर मिस्त्रीबद्दल काय बोलतात ते मला रोज ऐकावं लागतं, कारण माझी पिठाची गिरणी त्याच्या गॅरेजला लागून आहे आणि दळणाला आलेल्या बायकांना तोंड आवरत नाही. आटे मोडणारा अजहर, म्हणतात. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून बाजाराबाहेरच्या तुम्हाला एकदाच सगळं सांगून टाकते.

मोटरसायकलचं ऑइल बदलताना इंजिनच्या पोटाखालचा एक नट काढतात आणि जुनं ऑइल गळून गेलं की तोच परत बसवतात. काम म्हणाल तर एवढंच. पण नट लोखंडाचा आणि ज्यात तो बसतो ते चेंबर नरम धातूचं, त्यामुळे जोर जास्त झाला की चेंबरचे आटे, म्हणजे नट ज्यात फिरत बसतो त्या खाचा, उखडतात. अजहर नट आधी नुसत्या बोटांनी फिरवतो, पार टेकेपर्यंत. वायसर, नटाखालची चकती, दरवेळी नवा. मग आखूड पाना घेऊन मनगटाने हळू ओढतो आणि वायसर दाबला गेला की थांबतो. गाडीवाला हमखास म्हणतो, अजून एक दाब दे, आपले रस्ते कसले आहेत ते ठाऊक आहे ना. त्यावर अजहर जे बोलतो ते इथे सांगण्यासारखं नाही. एकाच्या तर हातात पानाच दिला आणि म्हणाला, गाडी तुझी, जोर तुझा, फक्त माझ्या दारात आवळू नको. डोकं माझ्यासारखंच गरम, म्हणून मला तो पहिल्यापासून आवडतो.

मागच्या वर्षी त्याच्यामागे साडेसाती लागली. खेड्यांतून ऑइल बदलायला आलेल्या गाड्यांचे नट खोलावेत, तर नटाबरोबर आट्यांचा चुरा बाहेर यायचा. जास्त आवळलेला नट त्या दिवशी काहीच बोलत नाही. आवळणाऱ्याला शाबासकी मिळते, गाडी दोन-तीन महिने पळते, आणि पुढच्या वेळी जो खोलेल त्याच्या हातात आटे येतात. आता हे बाजाराला कोण सांगणार? आपल्या बाजाराचा न्याय असा की ज्याच्या हातात मोडलं, त्यानेच मोडलं. अजहर पदरमोड करून नवे आटे पाडून द्यायचा आणि वर शिव्या खायचा.

या सगळ्या गाड्या आधी एकाच ठिकाणी जात होत्या. बसस्टँडजवळचे निजामोद्दीन उस्ताद. अर्ध्या देगलूरचे मिस्त्री त्यांच्या हाताखाली काम शिकलेले, अजहरही. उस्ताद आजारी पडले आणि त्यांची गिऱ्हाइकं इकडे आली. मी अजहरला म्हटलं, नाव घे की. तो नुसता पाना पुसत बसला.

मग आप्पासाहेब डेअरीवाल्याची पाळी आली. उस्ताद आजारी पडल्यापासून खेड्यापाड्यांतून दूध गोळा करणाऱ्या त्याच्याही सगळ्या गाड्या अजहरकडे यायच्या आणि गॅरेज चालायचं ते त्यांच्याच जिवावर. त्यातल्या दोन गाड्यांचे आटे गेले. आप्पासाहेबाने गॅरेजसमोर उभं राहून, रस्ता गोळा करून सांगितलं की उस्ताद बरे झालेत, माझ्या गाड्या आता तिकडेच जातील, या माणसाला नट सुद्धा बसवता येत नाही. गेल्या गाड्या. त्यांच्यामागे बाकीचे गेले. अजहर दिवसदिवस रिकाम्या गॅरेजात बसायला लागला. माझा जीव नुसता जळत होता. शेवटी एके दुपारी मी गिरणी बंद केली, डेअरीत गेले आणि आप्पासाहेबाला म्हटलं, चला, आटे कोण मोडतंय ते डोळ्यांनी बघा.

उस्तादांकडे डेअरीचीच गाडी लागली होती. त्यांनी पान्याच्या दांड्याला हातभर लोखंडी पाइप अडकवला होता आणि त्यावर अंगाचा सगळा भार टाकून ते नट आवळत होते. आप्पासाहेब कौतुकाने म्हणाला, याला म्हणतात आवळणं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते दिसलं. ऑइल पातळ व्हावं म्हणून गाडी तापवलेली होती आणि उस्तादांचा डावा हात सरळ सायलेन्सरवर टेकलेला होता. हात जळत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. शुगरने बोटं मेलेली होती. वायसर दाबलेला त्यांना कळणार कुठून? कळत नव्हतं, म्हणून ते ओढत राहायचे.

मी म्हटलं, "उस्ताद, तुमचा हात..."

"अक्का, तुम्ही गप बसा." मागून अजहर आला होता. मी आप्पासाहेबाला घेऊन निघाल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. त्याने पुढे होऊन उस्तादांचा हात सायलेन्सरवरून उचलला, आपल्या मुठीत झाकला आणि आप्पासाहेबाकडे न बघता म्हणाला, "आटे माझ्याच हातानं गेले. चूक माझी हाय."

आप्पासाहेब माझ्याकडे बघून हसला. आणि उस्ताद? उस्ताद सगळं समजले आणि मान खाली घालून गप्प राहिले. त्यांचा हात भाजला होता हे खरं, पण तोंड तर शाबूत होतं. त्या गप्प बसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

परत येताना मी अजहरला वाट्टेल ते बोलले. पोट कशावर भरणार, विचारलं. तोही भडकला. म्हणाला, "पाना कसा धरायचा ते त्या हातानं माझा हात धरून शिकवलंय, अक्का. तो हात मेलाय म्हणून मीच बोंबलत फिरू? उपाशी मरतो, पण माझ्या तोंडून न्हाई."

मी म्हटलं, तू नको बोलू, पण उद्यापासून ते आणखी गाड्या मोडतील त्याचं काय.  गॅरेजचं शटर त्याने असं आपटलं की माझ्या गिरणीवरचा पत्रा हादरला.

दुसऱ्या दिवसापासून तो उस्तादांकडे जायला लागला. आपलं गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवतो. उस्ताद खुर्चीत बसतात, गिऱ्हाइकांशी बोलतात, गाडी उस्तादांच्याच दारात लागते, आणि खाली वाकून नट अजहर बसवतो, आखूड पान्याने. मजुरी मात्र उस्तादांच्या गल्ल्यात जाते. तेव्हापासून त्याने आवळलेल्या एकाही गाडीचे आटे गेलेले नाहीत.

आणि बाजार काय म्हणतो? म्हणतो, बघा, उस्तादाचं मन किती मोठं, चुकलेल्या चेल्याला परत शिकायला ठेवून घेतलं. हे मला दळणाला आलेली बाई सांगते, अगदी गहिवरून. तिला मी काही सांगत नाही, बाजारापुरतं अजहरने माझं तोंड बांधून ठेवलंय. तिची ज्वारी तेवढी जाडीभरडी दळून देते.